अश्वशक्तीचा जनक : जेम्स वॉट

गतवर्षी आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्याने घटक चाचणीचे पेपर तपासण्याचे काम आम्हां कलाशाखेच्या पदवीधराकडे आले होते. कुळागरात पाणी चढविणाऱ्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीचे वॉट किती, असा प्रश्न होता. उत्तरसूचीत ३७३० हा आकडा होता. एका मुलाने ३७२८.५ लिहिला. आम्ही तांबड्या शाईने फुली मारून मोकळे झालो. मुलगा काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी फूट-पौंडांपासून केलेले सारे गणित त्याने आमच्या मेजावर आणून ठेवले. त्यात चूक सापडेना. एका प्रश्नाची दोन उत्तरे खरी कशी, याचा शोध घेता घेता आम्ही जेम्स वॉटच्या चरित्रापाशी जाऊन पोहोचलो.

जेम्स वॉटचा जन्म १७३६ साली स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरगावी झाला. वडील जहाजांची कामे व व्यापार करीत. मुलाची प्रकृती नाजूक, आणि डोकेदुखीने तर त्याची पाठ जन्मभर सोडली नाही. चहाच्या किटलीचे झाकण उडताना पाहून त्याला वाफेचे यंत्र सुचले, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. गोष्ट गोड खरी; परंतु न्यूकोमेनचे वाफयंत्र वॉटच्या जन्माआधी, १७१२ पासूनच, खाणीतले पाणी उपशीत होते. वॉटचे श्रेय निराळे आहे, आणि आमच्या मते ते किटलीपेक्षा मोठे आहे.

लंडनला वर्षभर राहून वॉट शास्त्रीय उपकरणे बनविण्याची विद्या शिकला व ग्लासगोला आला. तेथील कारागीर संघाने त्यास दुकान थाटू दिले नाही. अखेर १७५७ साली विद्यापीठाने आपल्या आवारात त्याला जागा दिली. तेथेच १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेन यंत्राची एक छोटी प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीस आली. ती चार-दोन फेरे करी आणि थांबे. वॉटच्या ध्यानी आले की, दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्यास नळकांडे वाफेने तापते आणि वाफेचे पाणी करण्यासाठी तेच नळकांडे पुन्हा थंड करावे लागते; बहुतेक वाफ ते नळकांडे पुनःपुन्हा तापविण्यातच खर्ची पडते. मग वाफ थंड करण्यासाठी वेगळेच पात्र जोडले तर? हा विचार त्यास १७६५ साली एका रविवारी ग्लासगोच्या हिरवळीवर फिरताना सुचला.

विचार सुचणे एका दिवसाचे काम. यंत्र उभे करण्यास अकरा वर्षे लागली. १७६९ मध्ये पेटंट मिळाले, पण पोटासाठी वॉटला कालव्यांची मोजणी करीत रानोमाळ हिंडावे लागे. १७७३ मध्ये त्याला भांडवल पुरविणारा रोबक बुडाला आणि त्याच वर्षी वॉट मोजणीवर दूर असता त्याची पत्नी मार्गारेट घरी मृत्यू पावली. पुढच्या वर्षी तो बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराकडे गेला. विल्किन्सन नावाच्या लोखंड-कारखानदाराने नळकांडी अचूक कोरून दिली, तेव्हा कोठे दट्ट्याच्या कडेने निसटणारी वाफ आटोक्यात आली. १७७६ मध्ये यंत्रे कामास लागली.

या यंत्राची किंमत घेण्याची रीत मोठी मजेशीर होती. जुन्या यंत्राच्या मानाने जितका कोळसा वाचेल, त्याच्या एक तृतीयांश रक्कम खाणमालकाने द्यावयाची. पण पुढे वॉटने चाक फिरविणारे यंत्र काढले आणि गिरणीवाले गिऱ्हाईक म्हणून येऊ लागले. त्यांच्याकडे कोळसा जळतच नव्हता. घोडे फिरत होते. तुमचे यंत्र किती घोड्यांचे काम करील, एवढेच त्यांना हवे होते.

वॉटने घोडा मोजला. १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेरे घालणारा घोडा १८० पौंडांच्या जोराने ओढतो, असे त्याने धरले. मिनिटास २.४ फेरे, म्हणजे सुमारे १८१ फूट चाल; तिला १८० ने गुणले की ३२,५०० हून थोडे अधिक फूट-पौंड होतात. वॉटने ते ३३,००० केले, सेकंदास ५५०. सामान्य घोड्यास दिवसभर एवढे काम झेपणारे नाही. परंतु घोड्यास झुकते माप दिल्याने यंत्र विकत घेणाऱ्याची तक्रार उरली नाही. व्यापारी चतुराई म्हणा, सचोटी म्हणा. आम्हांस दोन्ही दिसतात. मात्र १८०० पर्यंत वाढवून घेतलेल्या पेटंटाच्या बळावर त्याने इतरांच्या सुधारणा अडवून धरल्या, हेही लपविण्याजोगे नाही.

१८१९ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, वॉट निवर्तला. विजेच्या मोटारी त्याने पाहिल्या नाहीत. १८८२ साली विल्यम सीमेन्सने विद्युत्शक्तीच्या एककास वॉटचे नाव सुचविले आणि गोंधळाचे बीज पेरले गेले. घोड्याची शक्ती फूट-पौंडांत, विजेची वॉटमध्ये. दोहोंची सांगड घालावयास हवी. सेकंदास ५५० फूट-पौंड म्हणजे ७४५.७ वॉट होतात. ही यांत्रिक अश्वशक्ती. विजेच्या हिशेबात अपूर्णांक नको म्हणून नेमके ७४६ ठरविले. ती विद्युत अश्वशक्ती. १०० विद्युत अश्वशक्ती म्हणजे १००.०४ यांत्रिक. फरक दहा हजारांत चार. युरोपात ७५ किलोग्रॅम वजन सेकंदास एक मीटर उचलणारी तिसरी अश्वशक्तीही चालते, ती ७३५.५ वॉटची, आणि तिचा फरक मात्र शेकडा सव्वाहून अधिक असल्याने दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे. शिवाय पंपाच्या पट्टीवरील आकडा मोटारीच्या दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचा असतो. मोटार वीज त्याहून जास्तच खाते.

पाच अश्वशक्तींवर दीड वॉटचा फरक, एवढ्यासाठी आम्ही फुली मारली होती. त्या मुलास बोलावून दोन गुण वाढविले, आणि गुणपत्रिकेतील बेरीजही त्याच्यासमोरच खोडून नवी लिहिली.