गो खेळाचं ‘ऑलिंपिक’ सुरू करणारा उद्योगपती : इंग चँग-की

बुद्धिबळाचा जगज्जेता कोण, हे १९व्या शतकापासून ठरत आलंय. पण त्याहून कितीतरी जुन्या ‘गो’ या खेळात व्यावसायिक खेळाडूंसाठी १९८८ पर्यंत जागतिक स्पर्धाच नव्हती. ती भरवण्यासाठी स्वतःचा पैसा ओतणारा माणूस खेळाडू नव्हता, तैवानमधला एक उद्योगपती होता. त्याचं नाव इंग चँग-की.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघांचा पट, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आणि जास्त जागा घेरणारा विजयी. चीनमध्ये याला वेइची म्हणतात, कोरियात बदुक.

इंग मूळचे चीनमधल्या निंगबोचे. बँकेत नोकरी केली, तैवानला आल्यावर उद्योगात पडले आणि बक्कळ कमावलं. डोक्यात मात्र कायम गो होता.

त्यांना खटकायची एक गोष्ट. जपानी पद्धतीत फक्त घेरलेली जागा आणि पकडलेल्या सोंगट्या मोजतात, चिनी पद्धतीत पटावरच्या आपल्या सोंगट्याही धरतात. बहुतेक वेळा निकाल सारखाच लागतो, पण एखाद्या विचित्र स्थितीत वाद होतो. मग दोन देशांचे खेळाडू समोरासमोर बसले तर नियम कुणाचे?

इंग यांनी स्वतःच नियम तयार केले. दोघांना मोजून १८० सोंगट्या द्यायच्या आणि डाव संपल्यावर आपापली जागा त्याच सोंगट्यांनी भरायची, की हिशोब डोळ्यांसमोर. एकही सोंगटी हरवू नये म्हणून त्यांनी खास मोजणीच्या वाट्याही बनवल्या. वेळ संपली की डाव गेला असं नाही, दंड म्हणून गुण कापायचे.

१९८३ मध्ये त्यांनी गोच्या प्रसारासाठी प्रतिष्ठान काढलं. मग जाहीर झाला इंग चषक. दर चार वर्षांनी स्पर्धा, विजेत्याला तब्बल ४ लाख डॉलर. म्हणूनच याला गोचं ऑलिंपिक म्हणू लागले. त्याच वर्षी जपाननेही फुजित्सू चषक सुरू केला, तोही काही महिने आधीच. पण बक्षिसाची चर्चा झाली ती इंग यांच्याच स्पर्धेची.

१९८८ मध्ये १६ खेळाडू उतरले. चीनची सगळी आशा न्ये वेइपिंग यांच्यावर होती. जपानच्या दिग्गजांना ओळीने हरवून ते देशाचे हिरो झाले होते. कोरियात राहून खेळणाऱ्यांपैकी बोलावणं होतं एकट्या चो हुन-ह्यून यांना. कोरियाला तेव्हा कुणी फारसं मोजतच नव्हतं.

अंतिम फेरीत नेमके हेच दोघे आले. पाच डावांपैकी पहिले तीन चीनमध्ये झाले आणि न्ये २-१ ने पुढे गेले. उरलेले दोन डाव सप्टेंबर १९८९ मध्ये सिंगापूरला झाले. चो यांनी दोन्ही जिंकले. सोलमध्ये त्यांची मिरवणूक निघाली आणि कोरियात बदुकची लाट आली.

इंग एवढ्यावर थांबले नाहीत. व्यावसायिक दर्जाच्या खेळाडूला हरवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमसाठीही त्यांनी मोठं बक्षीस ठेवलं होतं. २००० साली मुदत संपली, पण ते कुणालाच जिंकता आलं नाही.

१९९७ मध्ये इंग गेले. त्यांच्या हयातीत झालेले तिन्ही चषक कोरियाने नेले. पहिला चिनी विजेता, चँग हाव, मिळाला तो २००५ मध्ये. त्यांचे नियमही जगाने सरसकट स्वीकारले नाहीत, जपानी आणि चिनी पद्धती आजही चालतात. पण त्यांचा चषक आजही खेळला जातो, त्यांच्याच नियमांनी. शिवाय ज्या देशाला कुणी मोजत नव्हतं, त्याला जगासमोर आणलं तेही याच चषकाने.