भिंतीवरच्या कोळ्याचे नाव

मित्रहो, अकोल्याच्या आपल्या वर्गाच्या भिंतीवर जाळे न विणता माशीवर झेप घेणारा काळा-पांढरा कोळी आठवतो? आठ डोळे, समोरचे दोन टपोरे. पुढे अमरावतीला कॉलेजात सरांनी त्याचे नाव सांगितले : प्लेक्सिपस पेकुली, ओदुआँ, १८२६. नावामागचा माणूस मला फार उशिरा कळला.

ज्यूल सेझार साविन्यी यांचा जन्म १७७७ मध्ये फ्रान्समधील प्रोव्हँ गावी झाला. १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर ते इजिप्तला गेले. तिथून आणलेले कीटक नि कोळी त्यांनी वर्षानुवर्षे भिंगाखाली तपासले. डोळ्यांची मांडणी, जबडे, नराचे तोंडाजवळचे अवयव अशी एकेक गोष्ट सुटी करून चित्रात उतरवली. कोळी आजही असाच ओळखतात. नुसत्या रंगावर भागत नाही.

चित्रे तयार झाली आणि साविन्यींची दृष्टी गेली. वर्णन लिहिणे राहिले. ते काम तरुण व्हिक्टर ओदुआँ यांच्याकडे आले. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे नावापुढे वर्णन लिहिणाऱ्याचेच नाव लागले. साविन्यी १८५१ पर्यंत जगले. उजेड सोसवत नसल्याने कित्येक वर्षे अंधारात राहिले.

परीक्षेत मी फक्त ओदुआँ लिहिले होते. गुणही पूर्ण मिळाले. मेळाव्याला याल तेव्हा व्हरांड्याच्या भिंतीकडे जरूर पाहा. तो असेलच. त्याला पाहताना साविन्यींचीही आठवण ठेवा.