अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या तोंडाचा कॅन्सर बोटीवर कापून काढला, आणि २४ वर्षं कुणाला पत्ता लागला नाही

डोनाल्ड ट्रम्प २०२४ ची निवडणूक जिंकले तेव्हा एक जुनं नाव पुन्हा चर्चेत आलं. ग्रोव्हर क्लीव्हलँड. एकदा राष्ट्राध्यक्ष, मग पराभव, मग पुन्हा राष्ट्राध्यक्ष असा प्रवास करणारे ट्रम्प यांच्या आधीचे एकमेव नेते.

पण क्लीव्हलँड यांच्या आयुष्यातली सगळ्यात भारी गोष्ट निवडणुकीची नाही. ती आहे एका बोटीची.

१८ मार्च १८३७ रोजी न्यू जर्सी राज्यातल्या कॉल्डवेल गावात त्यांचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू, घरात नऊ भावंडं आणि पैशांची कायम ओढाताण. ग्रोव्हर १६ वर्षांचे असताना वडील गेले आणि कॉलेजचं स्वप्न तिथंच संपलं. मग काही काळ अंधांच्या शाळेत नोकरी केली. पुढं बफेलो शहरात एका वकिलाच्या ऑफिसात उमेदवारी करत करत ते स्वतः वकील झाले.

नंतर ते तिथल्या काउंटीचे शेरीफ झाले. फाशीची शिक्षा अमलात आणणं हे शेरीफचं काम. बाकीचे लोक पैसे देऊन ते दुसऱ्याकडून करून घ्यायचे. क्लीव्हलँड यांनी मात्र दोन कैद्यांच्या फाशीच्या वेळी खटका स्वतः ओढला. आपल्या वाट्याचं वाईट काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही, हा त्यांचा हिशोब.

१८८२ मध्ये ते बफेलोचे महापौर झाले. रस्ते सफाईचं कंत्राट नगरसेवकांनी जास्त पैसे मागणाऱ्या ठेकेदाराला दिलं होतं, ते यांनी रोखलं. झालं, गडी एकदम हिरो. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कचे गव्हर्नर आणि १८८५ मध्ये थेट व्हाईट हाऊस.

१८८४ च्या प्रचारात त्यांच्यावर एक मोठा आरोप झाला होता. लग्नाशिवाय मूल असल्याचा. पक्षाचे लोक घाबरले, आता काय सांगायचं म्हणून विचारू लागले. क्लीव्हलँड यांनी निरोप पाठवला की खरं काय ते सांगून टाका. लोकांना हा प्रामाणिकपणा आवडला आणि ते निवडून आले.

हा किस्सा लक्षात ठेवा, कारण पुढं नेमकं उलटं घडतं.

१८८८ मध्ये एकूण मतं जास्त मिळूनही ते हरले. १८९२ मध्ये पुन्हा जिंकले. पण मार्च १८९३ मध्ये खुर्चीवर बसले तोवर अर्थव्यवस्थेचे बारा वाजायला सुरुवात झाली होती. बँका बुडत होत्या, रेल्वे कंपन्या दिवाळखोरीत जात होत्या.

मोठं भांडण होतं सोनं की चांदी यावर. १८९० च्या कायद्यानुसार सरकारला दर महिन्याला ४५ लाख औंस चांदी विकत घ्यावी लागत होती. त्या बदल्यात दिलेल्या नोटा घेऊन लोक तिजोरीतून सोनं काढून नेत होते. हा कायदा रद्द करा, असं क्लीव्हलँड यांचं म्हणणं. पण त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष ॲडलाय स्टीव्हन्सन चांदीच्या बाजूचे होते.

यात भर पडली ती भारतामुळं. २६ जून १८९३ रोजी ब्रिटिश सरकारनं मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या. तोवर कुणीही चांदी नेऊन तिथं रुपये पाडून घेऊ शकत होता. एवढं मोठं गिऱ्हाईक गेल्यावर जगभरात चांदीचा भाव कोसळला. चारच दिवसांनी, ३० जूनला, क्लीव्हलँड यांनी ७ ऑगस्टपासून काँग्रेसचं खास अधिवेशन बोलावलं.

आणि त्याच संध्याकाळी ते गुपचूप न्यू यॉर्कमध्ये एका बोटीवर चढले.

कारण त्यांच्या तोंडात, डाव्या बाजूला टाळूवर, एक खरखरीत फोड आला होता. सिगार आणि तंबाखूची सवय जुनीच. तपासणीसाठी तुकडा पाठवला तो नाव न सांगता. डॉक्टरांचं मत पडलं की हा कॅन्सर आहे आणि लगेच काढायला हवा.

आठच वर्षांपूर्वी माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट घशाच्या कॅन्सरनं गेले होते. त्यांची ढासळती तब्येत अख्ख्या देशानं रोज पेपरात वाचली होती. आता बातमी फुटली असती तर बाजार आणखी कोसळला असता आणि सगळ्यांच्या नजरा स्टीव्हन्सन यांच्याकडं वळल्या असत्या. म्हणून हॉस्पिटल नको, बोट हवी.

बोटीचं नाव 'ओनीडा', मालक त्यांचे मित्र इलायस बेनेडिक्ट. १ जुलैला बोट चालू असतानाच ऑपरेशन झालं. मुख्य सर्जन जोसेफ ब्रायंट, सोबत फिलाडेल्फियाचे नावाजलेले सर्जन विल्यम कीन आणि आणखी चार जण, त्यात एक दातांचे डॉक्टर.

धोका किती होता बघा. पेशंट ५६ वर्षांचा आणि चांगलाच वजनदार. भूल दिल्यावर श्वास अडकायची भीती. रक्तस्राव वाढला तर रक्त चढवायची सोयही नाही, कारण रक्तगटांचा शोध लागायला अजून सात-आठ वर्षं होती.

त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची डोलकाठीला बांधली. आधी नायट्रस ऑक्साइड, मग ईथर दिलं. कीन यांनी पॅरिसहून आणलेलं गाल बाजूला ओढून धरायचं एक उपकरण होतं. त्यामुळं सगळं काम तोंडाच्या आतूनच झालं. पाच दात आणि डाव्या बाजूचा वरचा जबडा बराचसा काढला, पण बाहेरून एक ओरखडाही नाही. प्रसिद्ध मिशा जशाच्या तशा.

१७ जुलैला बोटीवरच दुसरं छोटं ऑपरेशन करून उरलेला संशयास्पद भाग काढला. तोंडातल्या खड्ड्यामुळं बोललेलं कुणाला कळेना. मग कॅसन गिब्सन या दंतवैद्यानं रबराचं एक बूच बनवून बसवलं आणि आवाज परत आला. पत्रकारांना सांगितलं, सांधेदुखी आणि दातदुखी.

पण २९ ऑगस्टला फिलाडेल्फियाच्या एका पेपरात ई. जे. एडवर्ड्स या पत्रकारानं सगळं छापलं. बोट, डॉक्टर, जबडा, सगळं अगदी बरोबर. दातांच्या डॉक्टरांकडून गोष्ट बाहेर पडली होती आणि एडवर्ड्सनं त्यांनाच भेटून खात्री केली होती.

राष्ट्राध्यक्षांच्या माणसांनी साफ नकार दिला. दुसऱ्या पेपरांनी एडवर्ड्सलाच खोटारडं ठरवलं. काही दिवसांत क्लीव्हलँड वॉशिंग्टनमध्ये डॉक्टरांच्याच एका परिषदेचं उद्घाटन करायला उभे राहिले आणि स्वच्छ आवाजात बोलले. लोकांनी विश्वास ठेवला तो त्यांच्यावर, कारण हा खरं बोलणारा माणूस म्हणूनच ओळखला जात होता.

१ नोव्हेंबरला चांदीचा कायदा रद्द झाला, तरी मंदी काही हटली नाही. कॅन्सर मात्र परत आला नाही. क्लीव्हलँड आणखी १५ वर्षं जगले आणि २४ जून १९०८ रोजी हृदयविकारानं गेले. गुपित सोबत घेऊन.

काढलेली गाठ फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये जपून ठेवली आहे. पुढं ती नव्या पद्धतीनं तपासून १९८० मध्ये निष्कर्ष छापला गेला. हा हळू वाढणारा, सहसा इतरत्र न पसरणारा कॅन्सर होता. म्हणजे वेळेत आणि पुरता कापून काढला हेच त्यांना वाचवून गेलं.

आणि एडवर्ड्स? १९१७ मध्ये डॉ. कीन यांनी स्वतः लेख लिहून सगळी हकीकत मांडली. एडवर्ड्स तेव्हा हयात होता. आयुष्यातली सगळ्यात खरी बातमी दिल्याबद्दल खोटारडा म्हणवून घेतलेल्या त्या पत्रकाराचं नाव २४ वर्षांनी साफ झालं.