तांबेऱ्याला न जुमानणारा गहू

१९१६ सालची गोष्ट. पहिले महायुद्ध चालू होते आणि झारच्या सैन्याची एक फळी उत्तर पर्शियात, म्हणजे आजच्या इराणात, तळ ठोकून होती. या सैन्यात एक चमत्कारिक दुखणे सुरू झाले. पाव खाल्ला की शिपायांना गरगरू लागे, डोके भणभणे आणि दारूचा थेंबही न घेता माणसे झोकांड्या खात. याचा छडा लावायला एका अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला धाडण्यात आले. तो डॉक्टर नव्हता, शेतीशास्त्र शिकलेला होता. त्यामुळे त्याने आजाऱ्यांपेक्षा आसपासच्या गव्हाच्या शेतांकडे अधिक लक्ष दिले आणि उत्तर तिथेच उभे होते. गव्हात एक रानगवत माजले होते. मराठी बायबलात ज्याला निदण म्हटले आहे ते हेच, असे मानतात. त्याचे दाणे गव्हाबरोबर दळले जात होते, आणि त्यात बुरशीचीही भर होती. स्थानिक पिठाचा पाव बंद करा, असा सल्ला देऊन तो मोकळा झाला.

दुसरा कोणी असता तर परतीची वाट धरली असती. निकोलाय इव्हानोविच वाविलोव मात्र पुढे पामीरच्या डोंगरांकडे निघाला. वाटेत सरहद्दीवर त्याला त्याच्याच देशाच्या पहारेकऱ्यांनी हेर समजून दोन-तीन दिवस अडकवून ठेवले, कारण त्याची टिपणवही इंग्रजीत होती. पुढच्या आयुष्यात काय वाढून ठेवले आहे याची ती झलकच म्हणायची. पण तेव्हा हे प्रकरण हसण्यावारी गेले. त्याला पामीरला जायचे होते ते एका प्रश्नाच्या मागे. रोगाने सगळे शेत पिवळे पडलेले असताना एखादेच ताट स्वच्छ, हिरवे का उभे राहते?

हा प्रश्न आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही नवा नाही. बँकेच्या नोकरीत पीककर्जाच्या फायली चाळताना 'तांबेरा', 'भुरी', 'करपा', 'मावा' हे शब्द मी प्रथम वाचले ते थकबाकीच्या कारणांच्या रकान्यात. त्या शब्दांमागे झाडाची आणि बुरशीची एवढी मोठी लढाई चालू असते, हे त्या रकान्यात मावत नसे.

वाविलोवचा जन्म १८८७ सालचा, मॉस्कोचा. वडील शेतकरी कुटुंबातून शहरात आलेले आणि कापडाच्या धंद्यात वर चढलेले. दोन मुलगे पुढे जगप्रसिद्ध झाले. धाकटा सेर्गेई पदार्थविज्ञानात गेला, थोरला निकोलाय शेतीशाळेत. त्याचा पहिला प्रबंध मॉस्को परिसरातल्या शेतांची आणि बागांची नासाडी करणाऱ्या गोगलगाईंवर होता. म्हणजे सुरुवात किडीपासून झाली आणि तिथून तो झाडांच्या रोगांकडे वळला.

त्या काळात माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीचा नुकताच उलगडा होऊ लागला होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे दाखवणाऱ्या इल्या मेचनिकोव या रशियन शास्त्रज्ञाला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. पण झाडाला रक्त नाही, त्यात फिरणारे शिपाई नाहीत. त्याला पळता येत नाही, शेपटीने माशी हाकलता येत नाही. मग ते करते काय?

वाविलोवने या बचावाचे दोन प्रकार मानले. पहिला तटबंदीचा. पानावर मेणाचा थर असतो, साल जाड असते, पर्णरंध्रांची ठेवण अशी असते की बुरशीला आत शिरायला वाट मिळू नये. आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर कपाशीच्या ज्या वाणांच्या पानांवर दाट लव असते, त्यांना तुडतुड्यांचा त्रास कमी होतो. दुसरा प्रकार आतला, आणि वाविलोवला खरा महत्त्वाचा वाटला तो हाच. तांबेऱ्यासारखी बुरशी जिवंत पेशीवरच जगते. अशी बुरशी आत शिरली की प्रतिकारक्षम गव्हाच्या त्या जागेच्या पेशी चटकन मरून जातात. गनिमाला दाणावैरण मिळू नये म्हणून आपलाच मुलूख जाळावा, तसा हा प्रकार. पानावर टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका दिसतो. बुरशी तिथेच उपाशी मरते आणि बाकीचे पान वाचते.

त्याच्यानंतर या ज्ञानात पुष्कळ भर पडली आहे. अमेरिकेत हॅरॉल्ड फ्लोर याने जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवले की झाडातल्या प्रतिकाराच्या एकेका जनुकाला बुरशीतले एकेक जनुक जोडीदार असते. कुलपाला किल्ली असावी तसे. १९७२ साली असे आढळले की टोमॅटोचे एक पान किडीने कुरतडले की त्या झाडाची दुसरी, न कुरतडलेली पानेही किडीचे पचन बिघडवणारे द्रव्य तयार करू लागतात. आणि ज्या निदणाने झारचे शिपाई झोकांड्या खात होते, त्या गवतातही एक बुरशी मुक्कामाला असते. ती बियाण्यातून पुढच्या पिढीत जाते आणि कीटकांना नकोशी होतील अशी द्रव्ये बनवते. भाडेकरूच घराची राखण करतो म्हणा ना!

१९१३ साली वाविलोव शिकायला इंग्लंडला गेला. तिथे रोलंड बिफेन याने १९०५ सालीच दाखवून दिले होते की गव्हाचा पिवळ्या तांबेऱ्याला होणारा प्रतिकार मेंडेलच्या नियमांनी आईबापांकडून पिलांकडे जातो. म्हणजे ही ताकद खतपाण्याने येत नाही, ती वारशाची असते. वाविलोवने गव्हाचे शेकडो नमुने पेरून कोणाला काय रोग होतो याच्या नोंदी केल्या. त्यात पर्शियन म्हणून आलेला एक गहू भुरीला दाद देईना. तो इतर गव्हांशी सहजी संकरही होऊ देईना. ही निराळीच जात असली पाहिजे, असे वाविलोवने ओळखले. बुरशीने त्याला गव्हाचे कूळ सांगितले! गंमत म्हणजे नाव पर्शियाचे असले तरी हा गहू पुढे सापडला तो काकेशसच्या डोंगरांत.

१९१७ मध्ये तो व्होल्गाकाठच्या सारातोव शहरी प्राध्यापक झाला. क्रांती, यादवी, उपासमार, सगळे एकदम चालले होते. त्या धामधुमीत त्याने झाडांच्या रोगप्रतिकारावरचा ग्रंथ पुरा केला. तो १९१९ साली निघाला आणि त्याने तो मेचनिकोवच्या स्मृतीला अर्पण केला. पुढच्याच वर्षी सारातोवच्या परिषदेत त्याने पिकांच्या गुणांची मूलद्रव्यांसारखी कोष्टके मांडता येतील असा नियम सांगितला आणि त्याची तुलना मेंडेलिएवशी होऊ लागली.

पण मला त्या नियमापेक्षा त्याचा दुसरा विचार अधिक मोठा वाटतो. प्रतिकार वारशाचा असेल तर तो वारसा शोधायचा कुठे? जिथे पीक आणि त्याचा रोग हजारो वर्षे शेजारी शेजारी राहिले, तिथे. तिथल्या शेतकऱ्यांच्या जुन्या वाणांत आणि बांधावरच्या रानटी भावंडांत. वैऱ्याबरोबर नांदून नांदून जे शिकले, ते त्यांच्या बियांत साठलेले असणार. म्हणून वाविलोव बी गोळा करायला निघाला. १९२४ मध्ये घोड्यावरून अफगाणिस्तान, १९२६-२७ मध्ये भूमध्य सागराकाठचे देश आणि ॲबिसिनिया, १९२९ मध्ये सिंकियांग आणि जपान, मग मेक्सिको, मग दक्षिण अमेरिका. चार-पाच तास झोप त्याला पुरे होई. बाजारात जाऊन मूठ मूठ दाणे विकत घ्यायचे, पुड्यांवर गाव आणि उंची लिहायची आणि लेनिनग्राडला पाठवायचे. पिकांच्या मूळ प्रदेशांचा जो नकाशा त्याने काढला, त्यात हिंदुस्थान हे एक मोठे केंद्र आहे: भात, ऊस, वांगे, आंबा. आपल्या आज्यांनी राखेत घोळून मडक्यात ठेवलेले बी त्याच्या हिशेबी सोन्याच्या मोलाचे होते.

हा विचार पुढे किती खरा ठरला याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९७० च्या सुमारास आशियात भाताच्या नव्या वाणांवर एक विषाणुरोग आला. तपकिरी तुडतुडे तो पसरवीत आणि रोप गवतासारखे खुजे होऊन जाई. फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातून आलेल्या एका रानटी भाताच्या मूठभर रोपांत. ज्याला शेतकरी तण म्हणून उपटून टाकील असा तो भात! त्याचा गुण घेऊन १९७६ मध्ये आयआर-३६ हे वाण निघाले आणि लक्षावधी एकरांवर गेले.

अर्थात बुरशीही गप्प बसत नाही. राय या धान्याकडून गव्हाला मिळालेला एक प्रतिकार कित्येक वर्षे जगभर चालला. युगांडातल्या काळ्या तांबेऱ्याच्या एका नव्या वंशाने तो मोडला. त्या वंशाच्या नावात १९९९ हे साल कायमचे जोडले गेले आहे. म्हणून हा शोध कधी संपत नाही. महाबळेश्वरला आपण स्ट्रॉबेरी खायला जातो. तिथे गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारे केंद्र आहे हे कितीजणांना ठाऊक असते?

वाविलोवकडे वळू या. १९४० पर्यंत त्याच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले होते. पण त्यांच्यातला गुण शोधून, संकर करून, निवड करून नवा वाण शेतात न्यायला दहा-बारा वर्षे लागतात. देशाला तेवढा धीर नव्हता. सामुदायिक शेतीच्या सक्तीनंतर १९३२-३३ मध्ये दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. १९३१ मध्येच फर्मान निघाले होते की नवे वाण चार-पाच वर्षांत झाले पाहिजेत. बँकेतली मार्चअखेर ज्यांनी पाहिली आहे त्यांना वरून येणाऱ्या उद्दिष्टाची जात वेगळी सांगायला नको. अशा वेळी ट्रोफीम लायसेन्को पुढे आला. शेतकऱ्याचा मुलगा, थोडके शिकलेला, आश्वासनांना तोटा नसलेला. जनुके ही थाप आहे, परिस्थिती बदलली की वारसा बदलतो, असे तो सांगे. दक्षिणेत बटाट्याचे बेणे वर्षागणिक बिघडे, ते विषाणूंमुळे. लायसेन्को म्हणे, उन्हामुळे, लागवड उन्हाळ्यात करा. स्टालिनला हा माणूस आवडला.

इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. लायसेन्कोला सुरुवातीला उचलून धरणाऱ्यांत वाविलोवही होता. गुणी पोर आहे, शिकेल, असे त्याला वाटले असावे. गवतातून गहू निवडणाऱ्या या माणसाची माणसांची पारख कच्ची होती. जेव्हा कळले तेव्हा मात्र तो मागे हटला नाही. जनुकशास्त्र खोटे आहे असे म्हणून सुटता आले असते. त्याने म्हटले नाही. १९३८ मध्ये लायसेन्को शेती अकादमीचा अध्यक्ष झाला. १९३९ मध्ये एडिंबराच्या जागतिक जनुकशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद वाविलोवला दिलेले होते. त्याला देशाबाहेर जाऊ दिले नाही.

६ ऑगस्ट १९४० रोजी तो पश्चिम युक्रेनमध्ये, चेर्नोव्हित्सी शहराजवळ बी गोळा करीत हिंडत होता. संध्याकाळी मुक्कामी परतला तेव्हा काळ्या मोटारीतून माणसे आली आणि मॉस्कोहून तातडीचे बोलावणे आहे असे सांगून त्याला घेऊन गेली. बरोबरच्या सहकाऱ्यांनी मागे राहिलेली त्याची पिशवी उघडली. त्या दिवशी खुडलेल्या रोपांत एका जुन्या, अर्धवट रानटी गव्हाची जुडी होती.

चौकशी अकरा महिने चालली. जुलै १९४१ मध्ये, मोजक्या मिनिटांच्या सुनावणीनंतर, हेरगिरी आणि शेतीचा घात केल्याबद्दल देहदंड ठोठावण्यात आला. जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्या तेव्हा कैद्यांना हलवले आणि त्याला नेले ते सारातोवला, जिथे त्याने तरुणपणी तो ग्रंथ लिहिला होता. कोठडीत तो सोबतच्या कैद्यांना शेतीवर आणि जनुकशास्त्रावर व्याख्याने देई. पुढे शिक्षा वीस वर्षांवर आली, पण अन्न पोटभर नव्हते. त्याची पत्नी येलेना, मसुराची अभ्यासक, मुलाला घेऊन त्याच सारातोवात दिवस काढीत होती. नवरा मॉस्कोच्या तुरुंगात आहे या समजुतीने ती तिकडे पुडकी पाठवीत राहिली. २६ जानेवारी १९४३ रोजी तो गेला. वय पंचावन्न. कारण उपासमार.

त्याच काळात लेनिनग्राडला वेढा पडला होता. संस्थेत धान्याच्या पुड्यांनी भरलेली कपाटे होती आणि ती राखणारी माणसे भुकेने मरत होती. भाताचा अभ्यासक इव्हानोव गेला, त्याच्या ताब्यात तांदळाच्या हजारो पुड्या होत्या. भुईमुगाचा अभ्यासक श्चुकिन कामाच्या टेबलाशीच गेला. कोणी बियाण्याला हात लावला नाही. बटाट्याचे कंद तळघरात जपले गेले. खोली गोठू नये म्हणून मिळेल ते लाकूड जाळायचे, उंदीर हाकलायचे, कुलूप तपासायचे. हे करणाऱ्यांतला वादिम लेखनोविच चेर्नोव्हित्सीच्या त्या संध्याकाळी वाविलोवबरोबर होता.

१९५५ मध्ये सोव्हिएत न्यायालयाने वाविलोव निर्दोष असल्याचे जाहीर केले. रोगाला न बधणारी पिके कुठे आणि कशी शोधावीत याचे नियम सांगणारा एक निबंध त्याने अटकेच्या वर्षी लिहून ठेवला होता. तो १९६१ मध्ये छापून आला. सारातोवच्या दफनभूमीत त्याचे स्मारक आहे. त्याला पुरले ते मात्र इतर कैद्यांबरोबर, एकाच खड्ड्यात, आणि ती जागा नेमकी कोणती हे आज कोणालाच दाखवता येत नाही.