काळोखातही स्तुती : संत जॉन ऑफ द क्रॉस



आज आगमनकाळाचा तिसरा रविवार. जांभळ्या मेणबत्त्यांच्या सोबतीला आज गुलाबी मेणबत्ती पेटली आहे आणि ख्रिस्तसभा आपल्याला आनंद करायला सांगत आहे. आपल्यापैकी काहींना हे सांगणे जड जाते. घरात कुणाचा तरी आजार चाललेला असतो, मुलाला नोकरी लागत नाही, मुलीचे ठरलेले लग्न मोडलेले असते. नोव्हेना झाल्या, वेलंकनीची यात्रा झाली, तरी वाट काही दिसत नाही. मग मनात शंका डोकावते : माझ्या श्रद्धेतच काही खोट आहे का? देव माझ्यावर रुसला आहे का? ज्याच्यावर देवाची कृपा असते त्याला पुढची वाट स्वच्छ दिसते, अशी आपली समजूत असते.

ज्यांच्या जीवनाकडे पाहिले की ही समजूत टिकत नाही, असे एक संत म्हणजे जॉन ऑफ द क्रॉस. त्यांचा सण १४ डिसेंबरला असतो. तो दरवर्षी आनंदाच्या या रविवारी किंवा त्याच्या मागेपुढे तीन दिवसांत येतो. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ या.

जॉन यांचा जन्म १५४२ साली स्पेनमधील आविला शहराजवळच्या फोंतिवेरोस या लहानशा गावात झाला. वडील गोन्झालो हे रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या सधन कुटुंबातले. त्यांनी कातालिना नावाच्या गरीब विणकर मुलीशी लग्न केले, म्हणून घरच्यांनी त्यांना दूर केले. गोन्झालो बायकोसोबत मागावर बसले. जॉन अगदी लहान असतानाच वडील वारले आणि त्या हलाखीत मधला भाऊ लुईसही दगावला. कातालिना उरलेल्या दोन मुलांना घेऊन काम शोधत गावोगाव फिरली आणि १५५१ साली मेदिना देल काम्पो या बाजारपेठेच्या गावी स्थिरावली.

तिथे जॉन गरीब मुलांच्या शाळेत शिकला. सुतारकाम, शिवणकाम असे धंदे शिकवून पाहिले, पण त्याचा हात कशातच बसला नाही. पुढे त्याला एका इस्पितळात काम मिळाले. अंगावर व्रण उठलेले, ज्यांना कोणी जवळ करीत नसे असे रोगी तिथे येत. त्यांची सेवा करायची आणि इस्पितळासाठी रस्त्यावर हात पसरून मदत गोळा करायची, हे त्याचे काम. ते सांभाळून तो येशूसंघीयांच्या विद्यालयात शिकला आणि १५६३ साली, एकविसाव्या वर्षी, कार्मेल संघात दाखल झाला. सालामांका विद्यापीठात त्याने तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा अभ्यास केला. १५६७ साली त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

आता सर्व काही मार्गी लागले असे वाटावे, तर याच वेळी त्यांचे मन अस्थिर होते. अधिक एकांत आणि अधिक प्रार्थना हवी म्हणून कार्मेल संघ सोडून कार्थुसियन संघात जावे, असा विचार ते करीत होते. त्याच वर्षी आविलाच्या तेरेजाबाई मेदिनाला आल्या. त्यांचे वय ५२, जॉन यांचे २५. कार्मेलच्या धर्मभगिनींमध्ये साधे, प्रार्थनामय जीवन परत आणण्याचे काम तेरेजाबाईंनी सुरू केले होते आणि पुरुषांच्या मठांतही ते व्हावे अशी त्यांची इच्छा होती. जे तुम्ही बाहेर शोधता ते आपल्याच संघात उभे करा, असे त्यांनी या तरुण धर्मगुरूला पटवले. २८ नोव्हेंबर १५६८ रोजी दुरुएलो येथील एका पडक्या शेतघरात अनवाणी कार्मेलाईट बंधूंचे पहिले घर सुरू झाले.

यानंतर जी गुंतागुंत झाली ती नीट समजून घ्यायला हवी. १५७५ साली इटलीतील पियाचेन्झा येथे कार्मेल संघाची महासभा भरली. परवानगीविना उघडलेली सुधारणावाद्यांची घरे बंद करावीत, असा निर्णय तिथे झाला. दुसरीकडे, पोप महोदयांचे स्पेनमधील प्रतिनिधी ओर्मानेतो यांचा सुधारणेला पाठिंबा होता. जॉन हे आविलाच्या धर्मभगिनींच्या मठात पापनिवेदन ऐकत होते ते त्यांच्याच अधिकाराने. जून १५७७ मध्ये ओर्मानेतो वारले आणि त्यांच्या जागी आलेले प्रतिनिधी सुधारणेला अनुकूल नव्हते. आता आज्ञा कोणाची पाळायची? जॉन यांनी आज्ञापालनाचे व्रत घेतले होते. संघाचे वरिष्ठ एक सांगत होते, पोपच्या प्रतिनिधीने दुसरेच सांगून ठेवले होते. दोन्ही बाजूंना प्रार्थना करणारी माणसे होती आणि आपण देवाचेच काम करतो अशी दोघांचीही खात्री होती.

२ डिसेंबर १५७७ च्या रात्री जॉन यांना पकडण्यात आले. पकडणारे परके नव्हते, ते त्यांच्याच संघातले बंधू होते. त्यांना टोलेडोच्या मठात नेण्यात आले आणि तिथे बंडखोर ठरवून कोंडण्यात आले. कोठडी सुमारे दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद. पूर्वी ती शौचासाठी वापरली जात असे. भिंतीत वर एक फट होती, तिच्यातून येणारा थोडासा उजेड हाच काय तो उजेड. हिवाळ्यात थंडीने बोटे बधिर होत, उन्हाळ्यात श्वास कोंडे. खायला पाव, पाणी, कधी मासळीचा तुकडा. अंगावरचे कपडे महिनोन्‌महिने तेच. सर्व बंधूंसमोर जमिनीवर बसवून जेवायला द्यायचे आणि मग उघड्या पाठीवर फटके मारायचे, हाही शिक्षेचा भाग होता. सुधारणा सोडून द्या, तुम्हाला चांगले पद देऊ, असे आमिषही दाखवण्यात आले.

तेरेजाबाईंनी राजा दुसरा फिलीप यांना पत्र लिहून दाद मागितली, पण जॉन कुठे आहेत हे त्यांना कळत नव्हते. आत जॉन यांनाही बाहेरचे काही कळत नव्हते. जे काम देवाचे म्हणून हाती घेतले ते उरले आहे की मोडले, हे सांगणारे कोणी नव्हते. मिस्सा अर्पण करण्याची परवानगी नव्हती. सुमारे साडेआठ महिने हे असे चालले.

आणि याच कोठडीत त्यांनी काव्य रचले. पहिले काही महिने हाताशी कागद नव्हता, तेव्हा ओळी मनात जुळवायच्या आणि पाठ करायच्या. पुढे नवा पहारेकरी आला. तो दयाळू होता. त्याने कागद आणि शाई दिली. बाबिलोनमधील बंदिवानांचा विलाप सांगणाऱ्या १३७व्या स्तोत्रावर त्यांनी गीत रचले. त्रैक्य आणि ख्रिस्तजन्म यांच्यावर गीते रचली. रात्रीच्या अंधारात न दिसणाऱ्या झऱ्यावर एक गीत रचले, आणि तो झरा पवित्र मिस्सातील भाकरीत आपल्यासाठी वाहतो, अशी साक्ष त्यात दिली. ज्याला ही भाकर नाकारली गेली होती, त्याने हे लिहिले! आपल्या प्रियकराला डोंगररानांत शोधत निघालेल्या वधूचे जे दीर्घकाव्य पुढे प्रसिद्ध झाले, त्याचा मोठा भागही इथलाच.

बंधू-भगिनींनो, इथे क्षणभर थांबू या. सुटका झाल्यावर आभार मानणे आपल्याला समजते. जॉन यांनी स्तुती केली तेव्हा सुटकेची चिन्हे नव्हती आणि आपले चुकले की बरोबर होते याचा निवाडाही झाला नव्हता. देव काय करीत आहे हे त्यांना माहीत नव्हते. देव कोण आहे हे मात्र माहीत होते, आणि तेवढ्यावर त्यांनी गायले. आपलीही श्रद्धा बहुधा इथेच अडते. देवाच्या योजनेचा नकाशा हाती आल्याशिवाय आपण त्याच्या हाती हात द्यायला तयार नसतो.

श्रद्धा म्हणजे हात बांधून बसणे, असाही अर्थ जॉन यांनी घेतला नाही. कोठडीच्या कुलुपाचे स्क्रू त्यांनी रोज थोडे थोडे सैल केले. ऑगस्ट १५७८ मध्ये, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास, एका रात्री ते बाहेर पडले. पांघरुणाच्या पट्ट्या फाडून, त्या एकमेकींना बांधून केलेला दोर खिडकीतून सोडला आणि उतरले. दोर जमिनीपर्यंत पोहोचत नव्हता, शेवटी उडी घ्यावी लागली. सकाळी त्यांनी टोलेडोतील अनवाणी कार्मेलाईट भगिनींचे दार ठोठावले. उभे राहण्याचेही त्राण नव्हते. त्या अवस्थेत त्यांनी भगिनींना कोठडीतली गीते म्हणून दाखवली. आपल्याला कोंडणाऱ्यांविषयी मात्र ते पुढे कधी कटुतेने बोलले नाहीत, असे त्यांच्या सोबत्यांनी सांगून ठेवले आहे. आपल्याच माणसांकडून, कधी ख्रिस्तसभेतल्याच माणसांकडून, दुखावलेल्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१५८० साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी अनवाणी कार्मेलाईटांना स्वतंत्र प्रांत म्हणून मान्यता दिली. पुढच्या वर्षांत बाएझा, ग्रानाडा, सेगोव्हिया इथे जॉन यांनी वरिष्ठ म्हणून काम केले आणि आपले मोठे ग्रंथ लिहिले. आत्म्याची अंधारी रात्र ही त्यांची शिकवण आज सर्वत्र ऐकू येते, पण पुष्कळदा चुकीच्या अर्थाने. प्रत्येक दुःखाला त्यांनी हे नाव दिलेले नाही. ही रात्र ओळखण्याच्या तीन खुणा त्यांनी सांगितल्या आहेत. पहिली, प्रार्थनेत गोडी वाटत नाही, आणि जगातल्या इतर गोष्टींतही वाटत नाही. दुसरी, आपण देवापासून दूर तर जात नाही ना, ही काळजी मनाला लागून राहते. तिसरी, पूर्वीसारखे मनन-चिंतन प्रयत्न करूनही जमत नाही. मनाच्या आजारामुळेही उदासी येते, हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते लिहून ठेवले आहे. तेव्हा झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरकडे जाण्यात श्रद्धेचा कमीपणा नाही.

या रात्रीत देव काय करतो? जॉन आईचे उदाहरण देतात. तान्ह्या बाळाला आई अंगावर पाजते, कडेवर घेते. ते वाढू लागले की ती दूध तोडते आणि त्याला खाली ठेवते. बाळाला वाटते, आईने टाकले. आई मात्र त्याला स्वतःच्या पायांवर चालायला शिकवीत असते. दुसरे उदाहरण सूर्याचे. प्रकाश फार तीव्र झाला की अशक्त डोळ्यांपुढे अंधारी येते. काळोख वाटतो तिथे देव नाही, असे आपण लगेच ठरवतो. जॉन म्हणतात तो तिथे फार जवळही असू शकेल.

त्यांचा शेवट सुखाचा झाला, असे मात्र नाही. १५९१ साली स्वतःच्याच सुधारित संघात मतभेद झाले आणि त्यांच्याकडची सर्व पदे गेली. त्यांच्याविरुद्ध खोटेनाटे गोळा करण्याची मोहीम सुरू झाली. पायाला जखमा होऊन ताप भरला, तेव्हा उपचारासाठी ते उबेदा येथील मठात गेले. तिथले वरिष्ठ त्यांच्यावर नाराज होते, औषधपाण्याचा खर्चही त्यांना जड वाटे. जॉन यांनी तक्रार केली नाही. अखेरीस त्या वरिष्ठांचेही मन पालटले. १४ डिसेंबरच्या मध्यरात्री, वयाच्या ४९व्या वर्षी, त्यांनी प्राण सोडला. मरणाऱ्यासाठीच्या प्रार्थना सुरू झाल्या तेव्हा त्यांनी त्याऐवजी गीतरत्न वाचायला सांगितले. प्रेमाचे ते गीत त्यांना ऐकायचे होते. १७२६ साली ते संत म्हणून घोषित झाले आणि १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित ही पदवी दिली.

या आठवड्यात त्यांच्याकडून दोन गोष्टी घेऊ या. पहिली : प्रार्थना कोरडी वाटते म्हणून सोडू नका. रोज एक स्तुतिस्तोत्र घरात मोठ्याने वाचा. मन लागले नाही तरी वाचा. कोठडीत जॉन यांच्याजवळही प्रार्थनाग्रंथ होता आणि फटीतला उजेड होता, तेवढ्यावर ते स्तोत्रे म्हणत. दुसरी : वाट दिसत नाही म्हणून भविष्य सांगणाऱ्यांच्या, दृष्टान्तांच्या मागे धावू नका. देवाने आपल्या पुत्रामध्ये जे सांगायचे ते सर्व सांगितले आहे, यापलीकडे खास निरोप मागत बसू नये, असे जॉन यांनी फार ठामपणे लिहिले आहे. ज्या बाळाची वाट आपण पाहत आहोत, तो देवाचा शब्द आहे. तो रात्रीच जन्मला.

ज्यांच्या घरी यंदा नाताळची तयारी करायचे मन होत नाही, त्यांनी निदान गोठ्याजवळ एक दिवा लावावा. बाकीच्यांनी त्यांच्या घरी जाऊन बसावे, उपदेश करू नये, एक जपमाळ सोबत म्हणावी.

प्रभू येशू आपणां सर्वांना धीर देवो आणि आशीर्वादित करो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू