डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

प्रतिवर्षी या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. संत, योद्धे व देशभक्त यांची चरित्रे पुष्कळ झाली. यंदा आम्ही एका शस्त्रवैद्याचे निवडले आहे.

डॉक्टरांचा जन्म १८९९ साली गोमंतकात शिरोडे येथे झाला. (वि. स. खांडेकर जेथे शिक्षक होते ते वेंगुर्ल्याकडील शिरोडे निराळे. हे फोंडे तालुक्यातील.) मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९२३ साली एम. बी. बी. एस. व १९२७ साली एम. डी. झाले, आणि १९३१ साली विलायतेत एफ. आर. सी. एस. झाले. पुढे ग्रँटमध्येच ते प्राध्यापक झाले.

पूर्वी एखाद्या स्त्रीचा गर्भ दर खेपेस चौथ्या-पाचव्या महिन्यात गेला, की दोष तिच्या नशिबाचा अथवा देवीच्या कोपाचा ठरे. नवस, गंडेदोरे, अंगारे होत आणि अखेर घरात सवत येई. आमच्या कोरेगावच्या बाजूच्या वडीलधाऱ्या स्त्रियांकडून अशा कहाण्या आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. शिरोडकरांनी दाखवून दिले की, अशा काही स्त्रियांच्या गर्भाशयाचे मुखच दुर्बल असते. गर्भाचा भार वाढताच कळा न येताही ते उघडते. उपड्या पिशवीच्या तोंडास नाडी बांधावी, तसे ते बांधून टाकावे, ही त्यांची युक्ती. मूत्राशय किंचित वर सारून, रुग्णेच्याच मांडीतील चिवट पडद्याची पट्टी ते मुखाभोवती आतून गुंफीत. ही पद्धती त्यांनी १९५५ साली मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ मासिकात प्रसिद्ध केली. मात्र पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातास बहुधा निराळी कारणे असतात. तेथे या टाक्याचा उपयोग नाही, हे वाचक भगिनींनी ध्यानात ठेवावे.

१९५७ साली मेलबर्नच्या मॅक्डोनाल्ड यांनी अधिक सोपा टाका सुचविला व आज तोच अधिक प्रचारात आहे. त्यामुळे शिरोडकरांचे श्रेय उणे होते, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

सातव्या महिन्यात जन्मलेल्या अर्भकास दूध ओढून गिळण्याची शक्ती नसते. आईचे दूध काढून नळीने त्याच्या पोटात घालावे लागते. मुंबईत शीव येथील रुग्णालयात १९८९ साली त्यासाठी मातृदुग्धपेढीही निघाली. परंतु पाचव्या महिन्यात बाहेर पडलेल्या जिवास यांपैकी काहीच तारू शकत नाही. त्यास आईच्या उदरातच धरून ठेवणे भाग असते, आणि टाक्याचे मोल ते हेच.

अंग बाहेर येण्याच्या व्याधीवरही त्यांनी गर्भाशय न काढता ते वर टांगून धरण्याची शस्त्रक्रिया बसविली. १९६० साली ते पद्मभूषण व १९७१ साली पद्मविभूषण झाले. त्याच वर्षी त्यांचे देहावसान झाले. जगभरच्या वैद्यकग्रंथांत त्यांचा टाका त्यांच्याच आडनावाने ओळखला जातो. आपल्याकडील आयाबाया त्यास नुसते पिशवीचा टाका म्हणतात.