लेखणीचे व्रती : कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर

सातारा-सांगलीच्या भूमीने महाराष्ट्राला जी नररत्ने दिली, त्यांत कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे स्थान फार वरचे आहे. 'मानापमान' व 'स्वयंवर' या नाटकांमुळे नाट्याचार्य म्हणून ते घरोघरी परिचित झाले; परंतु त्यांचा जन्मभराचा व्यवसाय वृत्तपत्रलेखनाचा होता, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

त्यांचा जन्म १८७२ साली सांगलीस झाला. त्या काळी सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८९२ साली बी. ए. झाल्यावर त्यांनी काही काळ सांगलीस शिक्षकाचे काम केले, ही आम्हां शिक्षकांना भूषणाची गोष्ट वाटते. पुढे लोकमान्य टिळकांनी त्यांच्या लेखणीचे तेज ओळखले व ते 'केसरी'त दाखल झाले. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस नेण्यात आले, तेव्हा 'केसरी'च्या संपादनाचा भार खाडिलकरांवर पडला. सरकारचा रोष त्यांना नवा नव्हता. त्यांचे 'कीचकवध' नाटक १९१० साली सरकारने बंद पाडले.

पहिले महायुद्ध पेटल्यावर 'चित्रमय जगत्' मासिकातून त्यांनी युद्धावर लेखमाला लिहिली. युरोपातील रणांगणे आपल्या वाचकाने कधी पाहिलेली नव्हती. कोणत्या सैन्याचा कोणता डाव, तो का साधला वा फसला, हे खाडिलकर त्यास उलगडून सांगत. नुसती बातमी देऊन ते थांबत नसत. तिचा अर्थ लावण्यास वाचकाला शिकवीत. शाळा सुटली तरी त्यांच्यातील शिक्षक सुटला नव्हता, असेच म्हणावे लागते. हे लेख पुढे ग्रंथरूपाने पाच खंडांत प्रसिद्ध झाले.

लोकमान्यांच्या निधनानंतर 'लोकमान्य' दैनिकाचे संपादन करून त्यांनी १९२३ साली मुंबईत स्वतःचे 'नवाकाळ' काढले. १९२९ साली त्यातील लिखाणाबद्दल राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. वय छप्पन्न वर्षांचे, नाटककार म्हणून कीर्ती शिगेला पोहोचलेली. तरीही पत्रात छापलेल्या अक्षराची जबाबदारी संपादकाची, हे जाणून त्यांनी तुरुंगवास पत्करला. १९३३ साली नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. देश स्वतंत्र झालेला पाहून १९४८ साली त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

आपल्या कुटुंबांतील मुलामुलींपैकी ज्यांना लेखनाची हौस असेल, त्यांनी हे चरित्र अवश्य अभ्यासावे. लिहिणे पुष्कळांना साधते. लिहिलेल्याची किंमत चुकविण्याची तयारी थोड्यांचीच असते.